बिब्ब्याच्या खुणा

परवा दवाखान्यातल्या नव्या मुलींना शिकवताना मी फळ्यावर मथळा लिहिला, 'अंगावर दह्यासारखं पांढरं जाणं आणि खाज'. त्याखाली पाच कारणं लिहिली. न वाळलेली फडकी. ओलेत्यानं दिवस काढणं. पोटुशीपण. साखरेचा आजार. साबणानं आणि औषधानं फार धुणं. एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, बाई, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, आता पुस्तकातही सापडेल. मला मात्र यातली चार कारणं एका परटिणीमुळं उमगली होती. पाचवं कारण मी स्वतः होते, हे मी मुलींना सांगितलं नाही. इथं लिहिते आहे.

तिचं नाव गयाबाई. निजामी राजवटीतल्या जालन्यात बायकांसाठी एक लहानसा सरकारी दवाखाना होता. जनाना दवाखाना म्हणत त्याला. खाटा आठ, डॉक्टरीणबाई एक आणि नर्स एक. ती नर्स म्हणजे मी. हैदराबादला तीन वर्षं शिकून आले होते. माझं रजिस्टर असं होतं की तपासणीला येणारे साहेब आधी ते उघडून बघत आणि मग खाटांकडे जात. नाव, वय, मोहल्ला, तक्रार, औषध, फरक, सगळे रकाने आखलेले. एकही रकाना रिकामा नसे.

गयाबाई दवाखान्याचं धुणं न्यायची. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मागच्या दारी तिचं गाढव उभं राही. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, पायांचे तळवे पाण्यात राहून पांढरेफटक पडलेले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कायमचं काळं. ते बिब्ब्यानं. परीट लोक कोणाचा कपडा कोणता हे ओळखायला कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण घालतात. ती कितीही धुतली तरी जात नाही. गयाबाईकडे गावातली साठ-सत्तर घरं होती आणि प्रत्येक घराची खूण वेगळी होती. दोन ठिपके आणि एक रेघ. तीन रेघा. चांदणी. उलटी चंद्रकोर. दवाखान्याची खूण फुलीची. तिला अक्षर येत नव्हतं. पण घाटावर पसरलेल्या चार-पाचशे कपड्यांतून ती कोणाचाही कपडा उचलून सांगायची, हे अमक्याचं, घरात दुखणं आहे. हे तमक्याचं, सून माहेरी गेल्ती, परवा परत आली.

"कपडा झूट बोलत न्हाई, बाई," हे तिचं नेहमीचं वाक्य. ते ऐकलं की मला राग यायचा. माझ्या रजिस्टरात बायका खोटं सांगत, हे मला ठाऊक होतं. तक्रारीच्या रकान्यात 'कंबर दुखते' लिहून घ्यायचं आणि खरी तक्रार तिसऱ्या खेपेला कळायची. गयाबाईला ती पहिल्याच दिवशी कळलेली असे.

तिच्याबद्दल हेवा वाटतो हे कबूल करायला मला फार वेळ लागला. कबूल केल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे त्याची यादी केली. ती वही अजून आहे. बायका मागच्या दारी तिच्याशी आधी बोलतात आणि मग पुढच्या दारी माझ्याकडे येतात, ही पहिली ओळ. ती हसते तेव्हा रोगी बाईसुद्धा हसते, ही दुसरी. तिला रोगाचं एकही नाव धड आठवत नाही आणि तरी ती चुकत नाही, ही तिसरी. पुढं अशा अकरा ओळी आहेत. तेव्हाची शेवटची ओळ वाचून आज हसू येतं. गावातल्या सगळ्या घरांच्या कपड्यांना तिनं खूण घातली आहे, माझ्या कपड्यांना घातलेली नाही. मी तिचं एवढंसं गिऱ्हाईक. तीन पांढरी पातळं, तीन झंपर. एक ठिपकासुद्धा तिनं माझ्यासाठी खर्च करू नये, याचा मला विषाद वाटायचा.

तिची विद्या कुठून आली, ते मी एकदाच विचारलं. तेही उपकार केल्यासारखं. ती पायरीवर बसून चादरी मोजत होती. म्हणाली, घाटावर कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, ओलं लुगडं अंगावरच वाळायचं, म्हणून त्यांच्यातल्या निम्म्या बायांना ही खाज असतेच. तिलाही होती. मग ती दुपारी भाकरीच्या वेळी खडकाआड जाऊन कोरडं लुगडं नेसायला लागली आणि खाज गेली. घाटावरच्या बाकीच्या बाया तिला हसल्या. म्हणत, ही पाटलीण झाली, दिवसातून दोनदा लुगडं बदलून राह्यली. पण दुसऱ्या पावसाळ्यात त्याही बदलायला लागल्या. पोटुशीपणाचं ती एका वाक्यात सांगायची. पोटात लेकरू असलं की ही खाज येते, लेकरू झालं की जाते, उगीच भिऊ नये. हे मला हैदराबादलाही शिकवलं होतं. पण माझ्या तोंडून ऐकून कोणी बाई निश्चिंत झालेली मला आठवत नाही.

मुंग्यांची गोष्ट तर पुढं सगळ्या गावात झाली. कापसाच्या एका अडत्याची बायको वर्षभर आमच्याकडे येत होती. भारी अंगाची, बोलायला गोड. तक्रार तीच, खाज आणि पांढरं. मी सहा वेळा धुवायला लाल दवा दिली होती आणि सहाही वेळा 'फरक' या रकान्यात 'थोडा' असं लिहिलं होतं. एका गुरुवारी गयाबाई गठुडं न सोडताच डॉक्टरीणबाईंच्या खोलीशी जाऊन उभी राहिली. आत जायची तिची पद्धत नव्हती. दारातूनच म्हणाली, "चांदणीच्या खुणेच्या लुगड्याला मुंग्या लागून राह्यल्यात. सारं धुणं एका जागी पडलंय, मुंग्या तेवढ्या तिच्याच लुगड्याला. मागच्या खेपेलाबी तसंच झाल्तं."

डॉक्टरीणबाई हैदराबादच्या, दख्खनी बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. अडत्याच्या बायकोला बोलावणं गेलं. नळीत लघवी घेऊन, निळं औषध घालून मीच ती तापवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि मग विटकरी. साखरेचा आजार. साखर अंगात मुरलेली, मग खाज कशी जाणार? डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "बाई, ये परटीण तुम्हारे रजिस्टर से आगे है." त्या थट्टेनंच म्हणाल्या. मी त्या रात्री जेवले नाही.

आता शेवंताचं सांगते. हे सगळं मी तिच्यासाठीच लिहिते आहे.

शेवंता सतरा-अठरा वर्षांची, माहेर तीर्थपुरीचं, सासर जालन्यात. सासरची खूण दोन ठिपके आणि एक रेघ. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिला ही खाज सुरू झाली आणि नवऱ्याजवळ जायला ती टाळाटाळ करू लागली. सासूनं त्याचा भलताच अर्थ लावला. पोरीला वाईट आजार आहे, तो तिनं माहेराहून आणला, असं ती शेजारणींना सांगू लागली. एका सकाळी तीच सुनेला दवाखान्यात घेऊन आली आणि माझ्यासमोर म्हणाली, "बरी होत नसंल तर तसं सांगा. आवसेच्या आत तिच्या भावाला बोलावून घेते. मंग पोराचं दुसरं बघायला आमी मोकळे."

अमावस्येला सतरा दिवस होते. डॉक्टरीणबाई दीड महिन्याच्या रजेवर हैदराबादला गेल्या होत्या. दवाखाना माझ्या हातात होता. मी शेवंताला तपासलं. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं, अंग लालभडक. दुसरा कोणताही वाईट आजार नव्हता. मी ठरवलं, ही पोर मी बरी करून दाखवीन, आणि या खेपेला मागच्या दारी कोणाला विचारणार नाही. स्वच्छता हा माझ्या शिक्षणाचा पाया. मी तिला लाल कार्बोलिक साबणाची वडी दिली. दिवसातून दोनदा साबणानं धू, मग लाल दवेच्या पाण्यानं पिचकारी घे, असं सांगितलं. सासूलाही बजावलं. रजिस्टरात नीट लिहिलं.

चार दिवसांनी शेवंता आली ती पाय फाकून चालत. अंग सुजलं होतं. मी म्हटलं, दिवसातून तीनदा धू.

सोमवारी गयाबाई धुणं घ्यायला आली. चादरी मोजून झाल्या तरी ती उठली नाही. मला म्हणाली, बाई, जरा बसा. मी उभीच राहिले. मग तिनं जे सांगितलं ते असं. दोन ठिपके आणि रेघेच्या घरातली सून बाजूला बसते, तेव्हाची तिची फडकी सासू उन्हात घालू देत नाही. कोणा पुरुषाची नजर पडली तर घरावर संकट येतं, असं सासूचं म्हणणं. म्हणून ती फडकी गोठ्यात, कडब्याच्या आड, पोत्याखाली वाळत घालायची. सारा पावसाळा गेला, ती वाळलीच नाहीत. या खेपेला गठुड्यात चुकून दोन फडकी आली, त्यांवर बुरशीचे काळे तीळ पडलेत. आणि त्यांना साबणाचा इतका उग्र वास येतोय की गाढवसुद्धा शिंकलं.

"तिचा साबण बंद करा, बाई," ती म्हणाली. "कातडं सोलून निघायलंय पोरीचं. नुसतं पाणी पुरे. अन् फडकी माझ्याकडं देऊ द्या. मी भट्टीत उकळून घाटावर उन्हात टाकते. परटाच्या दोरीवर साऱ्या गावाचं धुणं असतं, कोण बघतंय कोणाचं काय?"

मी म्हटलं, तूच सांग की सासूला.

"माझं ऐकती का ती? मी परटीण. तुमच्या पांढऱ्या पातळाचं ऐकंल."

ती बोलते आहे ते खरं आहे, हे मला तिथंच कळलं. हे मी स्वच्छ लिहिते. मला शंका नव्हती, गैरसमज नव्हता. रजिस्टर उघडून आदल्या दोन नोंदी बघितल्या असत्या तरी पुरे होतं. साबण दिला, वाढलं. साबण वाढवला, आणखी वाढलं. पण ही पोर बरी झाली तर ती कोणामुळं, हा विचार माझ्या मनातून जाईना. डॉक्टरीणबाई परत येतील, हसतील, पुन्हा तेच वाक्य म्हणतील. मी म्हटलं, बघते. आणि काही केलं नाही.

गुरुवारी तिनं विचारलं, सांगितलं का बाई? मी म्हणाले, हो, सांगितलं.

तिनं चादरी मोजल्या. गठुडं बांधलं, गाढवाच्या पाठीवर टाकलं, नेहमीसारखी त्याला एक शिवी दिली आणि गेली. सोमवारी आली, तेव्हाही विचारलं नाही. ती विचारत नाही म्हणून मला हायसं वाटलं. अमावस्या तीन दिवसांवर आली होती.

गुरुवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली. रिकामीच. गाढव बरोबर नव्हतं. तिनं ओच्यातून शेवंताचं एक घडी केलेलं फडकं काढून पायरीवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून साबणाचा वास येऊन राह्यला, बाई. दोन खेपा झाल्या. तिचा भाऊ गाडी घेऊन आलाय, बैलं सोडलेत दारात. वैरण झाली की निघतील."

म्हणजे मी खोटं बोलले हे तिला आठवड्यापासून ठाऊक होतं. कपड्यानं तिला सांगितलं होतं. आणि ती वाट बघत थांबली होती, कारण तिच्याकडे दुसरा इलाज नव्हता. तिनं मला एक शब्द टाकून बोलावं, असं मला फार वाटलं. ती फक्त म्हणाली, "चला. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. आत येत न्हाई."

मी गेले. पातळ बदललं नाही, हातात रजिस्टर नव्हतं. आयुष्यात रजिस्टराशिवाय केलेलं माझं ते एकच काम असेल. दारात बैलगाडी उभी होती. शेवंता एका ट्रंकेवर बसली होती. भाऊ मान खाली घालून बैलांना कडबा टाकत होता. सासूनं मला बघून पदर सावरला. मी उभ्याउभ्याच बोलले. म्हटलं, "हिला वाईट आजार नाही. माझ्या साबणानं हिचं वाढलं. चूक माझी आहे, पोरीची नाही."

सासू माझ्याकडे बघतच राहिली. सरकारी दवाखान्याची बाई स्वतःची चूक सांगते, हे तिनं कधी ऐकलं नसणार. मी तिला सावरायला वेळ दिला नाही. पुढचं सगळं हुकमासारखं सांगितलं. पोर माहेरी जाऊ दे, पण औषध म्हणून. एक महिना साबण बंद, पिचकारी बंद, साधं पाणी. जुनी फडकी जाळून टाकायची. नवी जुनेराची, वापरली की उकळायची आणि उन्हात कडकडीत वाळवायची. डॉक्टरीणबाई आल्या की जांभळं औषध पाठवीन. महिन्यानं तुमचा मुलगा स्वतः जाऊन तिला घेऊन येईल. आला नाही तर मी इथं येऊन बसेन.

सासू म्हणाली, फडकी उन्हात? बापे बघतील की. मी म्हटलं, तीर्थपुरीच्या बाप्यांना दुसरी कामं आहेत. आणि इथं आली की गयाबाईच्या घाटावर द्या. तिच्या दोरीवर साऱ्या गावाचं धुणं असतं. कोण बघतंय कोणाचं काय?

वाक्य गयाबाईचं, मी माझं म्हणून वापरलं.

भावानं पहिल्यांदाच मान वर केली. सासू घरात गेली आणि बाहेर येताना शेवंतासाठी एका फडक्यात शेंगदाण्याचे लाडू बांधून घेऊन आली. मला कळलं, झालं काम. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली तेव्हा गयाबाई भिंतीला लागून उभी होती. तिनं आपल्यासाठी काय केलं, हे शेवंताला ठाऊकही नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका गुरुवारी गयाबाई मागच्या दारातून ओरडली की दोन ठिपके आणि रेघेच्या घरात हिरवं लुगडं आलं आहे, नवंकोरं, हळदीचा डाग पडलेलं. सून परत आली. पुढच्या वर्षी त्याच घरातून बाळंतिणीचं धुणं आलं. डॉक्टरीणबाईंनी साहेबांसमोर माझी तारीफ केली. म्हणाल्या, बाईने अपनी अकल से घर बचाया. मी मान लववून ती तारीफ घेतली. गयाबाई तेव्हा मागच्या दारी चादरी मोजत होती. तिला ऐकू गेलं असणार. बाहेर आले तेव्हा तिनं हसून माझ्याकडे बघितलं. त्या हसण्यात टोमणा मी किती शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. वहीतल्या यादीत मी त्या दिवशी आणखी एक ओळ घातली. तिला माझा हेवा वाटत नाही.

पुढं निजामी राजवटीच्या अखेरच्या दंग्याधोप्याचं ते वर्ष आलं, जेव्हा जालन्यातल्या गल्ल्या रिकाम्या होऊ लागल्या. कोणी सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात नातेवाइकांकडे चाललं, कोणी हैदराबादेकडे. कोण केव्हा निघेल याचा नेम नव्हता. लोक भांडी पुरून जात होते, जनावरं सोडून जात होते. गयाबाईचा भाऊ पलीकडे बुलढाण्याच्या बाजूला होता. ती जाणार हे मी ऐकलं होतं. पण ती जाईना. घाटावरची बाकीची घरं गेली तरी तिची भट्टी दोन दिवस धुमसत होती. मी विचारायला माणूस पाठवला. निरोप आला, गावाचे कपडे माझ्याकडं हायत, ते घरोघर पोचते करते अन् जाते.

आणि तिनं ते केलं. ज्या घरांना कुलपं होती, त्यांच्या शेजाऱ्यांकडे कपडे मोजून दिले. सगळ्यांत शेवटी दवाखान्यात आली. चादरी फुलीच्या खुणेच्या, एकूण एक बराबर. त्या तिनं ओसरीत रचल्या. मग गाढवावरच्या तिच्या स्वतःच्या बोचक्यात हात घालून तिनं माझं एक पांढरं पातळ आणि झंपर बाहेर काढले. तिच्या लुगड्यांच्या घड्यांमधून.

मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात होतं, ते बाहेर आलं. म्हटलं, "गयाबाई, साऱ्या गावाला खूण घातलीस. माझ्या कपड्यांना का नाही घातली?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग काळ्या बोटानं कपाळ खाजवत म्हणाली, "खूण परक्यांच्या कपड्याला घालतात, बाई. साऱ्यांचं वाटून झाल्यावर बिनखुणेचं उरतं ते घरचं. तुमचं त्याच्यातच असतं."

एवढं बोलून तिनं गाढवाला नेहमीची शिवी दिली. दवाखान्याच्या मागून कुंडलिकेकडे उतरणारी वाट आहे. नदीत पाणी घोट्याएवढं होतं. ती लुगडं वर खोचून पाण्यात शिरली, पलीकडे गेली. तिथं थांबून तिनं ओचा सोडला, भिजलेला काठ पिळला आणि दोन्ही हातांनी झटकून घेतला. मगच पुढं चालू लागली.

मी आत येऊन वही काढली आणि यादीतली खुणेची ती एक ओळ खोडली. बाकीच्या तशाच आहेत.